मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (पूर्वाश्रमीच्या मेबल इमॅन्युएल, जन्म : जबलपूर, २६ डिसेंबर १९३५, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९९) या भारतीय डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ व लेखिका होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या किंवा जेमतेम शिकलेल्या खेड्यातील स्त्रियांना ग्रामआरोग्य सेविका म्हणून प्रशिक्षित करण्याचे त्यांचे कार्य जगभर अभ्यासले गेले. साधने अपुरी असलेल्या प्रदेशात माता व बालकांचे मृत्यू, कुपोषण, कुष्ठरोग आणि अपंगत्व यांना तोंड देण्यासाठी स्थानिक माणसांनाच आरोग्यज्ञान द्यावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात उतरवून दाखविला. १९७९ साली आरोळे दांपत्याला सामाजिक नेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला.

जन्म व शिक्षण

मेबल यांचा जन्म जबलपूर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात ग्रंथांचे आणि अध्यापनाचे वातावरण होते. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती. ज्या भाषेत पुढे त्यांनी शेकडो ग्रामीण स्त्रियांना शिकविले, ती भाषा त्यांनी कामाच्या ओघात आत्मसात केली.

वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. डॉ. आयडा स्कडर यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत खेड्यापाड्यांतील रुग्णांपर्यंत जाऊन उपचार करण्याची परंपरा होती. मेबल तेथे शिकत असताना डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातापायांवर शस्त्रक्रिया करून रुग्णांना पुन्हा कामासाठी सक्षम करण्याचे प्रयोग करीत होते. याच महाविद्यालयात मेबल यांची ओळख अहमदनगर जिल्ह्यातील रजनीकांत शंकरराव आरोळे यांच्याशी झाली. रजनीकांत यांचे आईवडील शिक्षक होते आणि त्यांचे बालपण ग्रामीण भागातच गेले होते. उपचाराअभावी माणसे दगावताना त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. १९५९ साली दोघांचेही वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले. १९६० साली त्यांचा विवाह झाला. विवाहाच्या दिवशीच दोघांनी आपले आयुष्य खेड्यातील उपेक्षितांच्या सेवेसाठी वेचण्याचा संकल्प केला.

वडाळा येथील अनुभव

१९६२ ते १९६६ या काळात आरोळे दांपत्याने नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णालय सतत भरलेले असे. दोघेही दिवसरात्र रुग्ण तपासत, शस्त्रक्रिया करीत आणि अडलेल्या बाळंतिणींना सोडवीत. मात्र काही काळाने एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बरी होऊन घरी गेलेली मुले काही आठवड्यांनी त्याच जुलाबाने किंवा त्याच अशक्तपणाने पुन्हा रुग्णालयात येत होती. दूषित पाणी, अपुरे अन्न, वारंवारची बाळंतपणे आणि चुकीच्या समजुती यांतून उद्भवणाऱ्या आजारांचाच भरणा रुग्णालयात अधिक होता. यातील बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. रुग्णालयात खाटा कितीही वाढविल्या तरी गावातील मृत्यू कमी होणार नाहीत, हा या अनुभवाचा निष्कर्ष होता.

गावात राहणाऱ्या आणि रुग्णालयापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या माणसांचा प्रश्न त्याहून कठीण होता. बैलगाडीतून रात्रभर प्रवास करून आलेली बाळंतीण अनेकदा दारातच प्राण सोडी. रुग्णालयाच्या नोंदीत येत नसलेल्या मृत्यूंची तर गणतीच नव्हती.

या प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास करण्यासाठी १९६६ साली दोघेही अमेरिकेला गेले. तेथे रजनीकांत यांनी शस्त्रक्रियेचे आणि मेबल यांनी वैद्यकशास्त्राचे पुढील प्रशिक्षण घेतले. त्यानंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी संपादन केली. टेलर यांनी स्वतः भारतातील ग्रामीण आरोग्यावर दीर्घकाळ काम केले होते. जामखेड प्रकल्पाचा आराखडा याच काळात तयार झाला.

जामखेडची निवड

१९७० साली भारतात परतल्यावर आरोळे दांपत्याने कामासाठी जामखेड तालुक्याची निवड केली. बालाघाटच्या डोंगररांगांच्या कुशीतील हा तालुका बीड जिल्ह्याच्या सीमेवर आहे. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी आणि १७९५ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेले खर्डा ही गावे याच तालुक्यात आहेत. इतिहासात अशी ठळक स्थाने असली तरी विसाव्या शतकात हा भाग कायमचा अवर्षणग्रस्त होता. पाऊस लहरी, जमीन हलकी, रस्ते कच्चे आणि वर्षातील काही महिने पोटासाठी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे असे येथील चित्र होते.

निवडीमागे आणखी एक कारण होते. आपण जाऊन एखाद्या गावावर संस्था लादायची नाही, गावाने बोलावले तरच जायचे, असे दांपत्याने ठरविले होते. जामखेडच्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना निमंत्रण दिले आणि जागा उपलब्ध करून दिली. ही जागा म्हणजे गुरांच्या जुन्या दवाखान्याची पडीक वास्तू होती. तेथेच पहिला बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. आधी उपचार मिळावेत ही लोकांची मागणी होती आणि रोगप्रतिबंध हे डॉक्टरांचे उद्दिष्ट होते. लोकांची गरज आधी भागविल्याखेरीज त्यांचा विश्वास मिळणार नाही, हे ओळखून मेबल यांनी उपचार आणि प्रतिबंध यांची सांगड घातली. पहिल्या टप्प्यात सुमारे ३० गावे आणि ४०,००० लोकसंख्या प्रकल्पाच्या कक्षेत आली. पुढे गावांची संख्या वाढत गेली.

दुष्काळ, पाणी आणि अन्न

प्रकल्प सुरू होऊन थोडा काळ लोटतो न लोटतो तोच महाराष्ट्रात १९७२ चा भीषण दुष्काळ पडला. गावकऱ्यांशी आरोग्याबद्दल बोलू लागताच त्यांच्याकडून पाणी आणि अन्न हीच मागणी पुढे येई. आरोळे दांपत्याने ही मागणी आरोग्याच्या कामाबाहेरची मानली नाही. गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि त्यांचे व्यवस्थापन गावातील मंडळांकडे सोपविण्यात आले. शेतकऱ्यांची व तरुणांची मंडळे याच सुमारास उभी राहिली.

पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेण्यात आले तेव्हा जातिव्यवस्थेचा प्रश्न उभा ठाकला. सार्वजनिक विहिरीवर दलितांना मज्जाव असल्याचे अनेक गावांत दिसत होते. कूपनलिकांच्या जागा शक्य तेथे दलित वस्तीत किंवा तिच्या लगत निश्चित करण्यात आल्या. त्यामुळे पाणी हवे असलेल्या प्रत्येकाला त्या वस्तीत येणे भाग पडले. कोणताही उपदेश न करता स्पृश्यास्पृश्यतेच्या एका जुन्या भिंतीला तडा गेला. जुलाब व इतर जलजन्य आजार कमी होण्यासही या विहिरींची मोठी मदत झाली.

ग्रामआरोग्य सेविका : कल्पनेचा उगम

प्रकल्पाच्या प्रारंभी खेड्यांत काम करण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांची नेमणूक करण्यात आली होती. हा प्रयोग अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही. शहरात शिकलेल्या तरुण परिचारिकेला एकटीने खेड्यात राहणे कठीण जाई. गावातील स्त्रिया तिच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. बाळंतपणाचा स्वतःचा अनुभव नसलेल्या मुलीचा सल्ला सासवा मानीत नसत. बाहेरून आलेली नोकरदार स्त्री आज ना उद्या बदली घेऊन जाणार, हेही गावाला ठाऊक होते.

यातून मार्ग निघाला तो गावकऱ्यांशी झालेल्या चर्चेतून. गावातल्याच एखाद्या विश्वासू स्त्रीला हे काम का शिकवू नये, असा विचार पुढे आला. वैद्यकीय क्षेत्रातील रूढ समजुतीला हा विचार धरून नव्हता. निरक्षर स्त्रीच्या हाती औषध देणे धोक्याचे आहे, असे अनेकांना वाटे. स्वतः मेबल यांच्यापुढेही हा प्रश्न होताच. चूक झाली तर ती एखाद्या बाळाच्या किंवा बाळंतिणीच्या जिवावर बेतणार होती. परंतु काहीच न केल्यास तेच जीव जात होते, हेही तितकेच खरे होते. नेमके काय शिकवावे, काय शिकवू नये आणि रुग्ण केव्हा पुढे पाठवावा याची काटेकोर आखणी केल्यास हा धोका पत्करण्याजोगा आहे, अशा निर्णयाप्रत दांपत्य आले.

सेविकेची निवड गावाने करावी, असा नियम होता. निवडलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक जणी गरीब, मध्यम वयाच्या आणि अनेक दलित जातींतील होत्या. काही विधवा होत्या, तर काही नवऱ्याने टाकलेल्या. शिक्षणापेक्षा माणसांबद्दलची कणव, शिकण्याची तयारी आणि गावात मिळून-मिसळून राहण्याचा स्वभाव या गोष्टींना महत्त्व देण्यात आले.

प्रशिक्षणाची पद्धत

सेविकांच्या प्रशिक्षणाची धुरा मुख्यतः मेबल यांनी वाहिली. सेविका ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत आणि शिकलेले घेऊन आपापल्या गावी परतत. पुढील आठवड्यात आलेले अनुभव व अडचणी त्या सर्वांसमोर मांडत. एकदाच दीर्घ अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र द्यायचे, असे या प्रशिक्षणाचे स्वरूप नव्हते. थोडे शिकणे, ते करून पाहणे आणि पुन्हा येऊन शिकणे हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला.

अक्षरओळख नसलेल्यांना शिकविण्यासाठी चित्रतक्ते, गाणी, नाट्यप्रवेश आणि प्रात्यक्षिके यांचा उपयोग केला जाई. प्रत्येक विषयाची सुरुवात स्त्रियांच्या स्वतःच्या समजुतींपासून होई. गरोदरपणी कमी खाल्ले की बाळंतपण सोपे होते, जुलाब होणाऱ्या मुलाला पाणी देऊ नये, पहिले चिकाचे दूध टाकून द्यावे, अशा समजुती खेड्यांत दृढ होत्या. मेबल त्यांची टिंगल करीत नसत. एखादी समजूत का रूढ झाली असावी याची चर्चा होई, अनुभव तपासले जात आणि मग पर्याय मांडला जाई. निरुपद्रवी चालीरीतींना हात न लावता केवळ घातक रूढी बदलण्यावर भर होता.

अभ्यासक्रमात मुलांचे वजन करणे, दंडाच्या घेरावरून कुपोषण ओळखणे, मीठ-साखर-पाण्याचे द्रावण तयार करणे, गरोदर स्त्रीची नियमित तपासणी, धोक्याची लक्षणे, स्वच्छ बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, डोळ्यांची निगा, त्वचेवरील चट्ट्यांवरून कुष्ठरोगाची शंका घेणे आणि दीर्घ खोकल्यावरून क्षयरोग्याचा शोध घेणे यांचा समावेश होता. सेविकेजवळ मोजकी औषधे असत. बाळंतपणासाठी निर्जंतुक केलेले साहित्य असलेली लहान पिशवी दिली जाई. तिच्यातील स्वच्छ पाते आणि दोरा यांमुळे नवजात बालकांच्या धनुर्वाताला आळा बसण्यास मदत झाली.

प्रशिक्षणाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग स्त्रियांच्या आत्मसन्मानाचा होता. प्रथम जामखेडला आलेल्या अनेक जणी स्वतःचे नावही मोठ्याने उच्चारण्यास कचरत. घरात ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, त्यांना गावाला सल्ला द्यायचा होता. म्हणून औषधांच्या नावांइतकाच वेळ त्यांच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलण्यास दिला जाई. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया प्रथम एकमेकींशेजारी जेवायलाही बसत नसत. एकत्र स्वयंपाक, एकत्र भोजन आणि एकाच मोठ्या गोधडीखाली झोपणे या मार्गांनी हे अंतर हळूहळू मिटले. जी स्त्री मुक्कामी इतर जातींच्या मैत्रिणींबरोबर राहू शकते, तीच गावात प्रत्येक घराचा उंबरा ओलांडू शकते, असे मेबल यांचे मत होते.

ज्ञान दडवून ठेवायचे नाही, हा प्रशिक्षणातील पायाभूत नियम होता. सेविकेने जामखेडला शिकलेले गावातील महिला मंडळाला शिकवावे, अशी अपेक्षा असे. त्यामुळे एका सेविकेच्या गैरहजेरीत गाव अडून राहत नसे. सेविकांना उदरनिर्वाहासाठी शेळीपालन, लहान व्यापार अशा व्यवसायांकरिता कर्ज मिळविण्यास प्रोत्साहन दिले गेले. आरोग्यसेवा ही त्यांची नोकरी न राहता गावाशी असलेले नाते राहावे, असा त्यामागील विचार होता.

सेविकेच्या पाठीशी एक फिरते पथक असे. त्यात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांचा समावेश होता. पथक नियमितपणे गावांना भेट देई, सेविकेने निवडून ठेवलेले रुग्ण तपासे आणि गावकऱ्यांसमक्ष तिचा सल्ला उचलून धरी. यामुळे सेविकेची गावातील पत वाढे. गंभीर रुग्णांसाठी जामखेडचे रुग्णालय होते. गाव, फिरते पथक आणि रुग्णालय अशी ही त्रिस्तरीय रचना होती.

कुष्ठरोग, अपंगत्व आणि पुनर्वसन

त्या काळी कुष्ठरुग्णांवर स्वतंत्र वसाहतीत किंवा वेगळ्या दवाखान्यात उपचार करण्याची पद्धत प्रचलित होती. जामखेडला त्यांना इतर रुग्णांबरोबरच तपासले जाई. सेविका घरोघरी मुलांच्या व मोठ्यांच्या त्वचेची पाहणी करीत. त्यामुळे रोग हातापायांत विकृती येण्याआधीच ओळखला जाऊ लागला. बरे झालेल्या रुग्णांना घरातून बाहेर काढू नये यासाठी सेविका कुटुंबांची समजूत घालीत. पुनर्वसनासाठी व शेतीच्या प्रशिक्षणासाठी खडकत येथील शेतीचा उपयोग करण्यात आला.

पोलिओमुळे पाय लुळे पडलेली मुले आणि अपघातात किंवा शेतातील यंत्रात पाय गमावलेली माणसे यांच्यासाठी जामखेडला कृत्रिम अवयवांची कार्यशाळा सुरू झाली. जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी विकसित केलेला जयपूर फूट येथे तयार केला जाऊ लागला. अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, चिखलात उतरणे या खेड्यातील गरजांना हा पाय अनुकूल होता. मुलांसाठी कॅलिपरही येथेच बनू लागले. हे काम परिसरातील माणसांना शिकविण्यात आले. शाळेत फारशी न गेलेली माणसे मोजमाप घेणे, साचा तयार करणे आणि तो रुग्णाच्या पायाला बेतशीर बसविणे यांत तरबेज झाली. वाढत्या वयाच्या मुलाचे कॅलिपर वरचेवर बदलावे लागते. शहरातील मोठ्या रुग्णालयापर्यंत दरवेळी जाणे गरीब कुटुंबाला शक्य नसते. दुरुस्ती करणारा कारागीर जवळ असला तरच मूल चालत राहते, हे या कार्यशाळेने दाखवून दिले.

परिणाम

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली या गावांतील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. १९७६ पर्यंत ते ५२ पर्यंत खाली आले आणि पुढील दोन दशकांत आणखी घटले. लसीकरण, गरोदरपणातील तपासणी आणि कुटुंबनियोजन यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर वाढले. तीव्र कुपोषणाची मुले क्वचित आढळू लागली.

या आकड्यांमागे केवळ औषधोपचार नव्हते. पाणी, पोषण, शेती, बचत आणि स्त्रियांचे संघटन यांचा एकत्रित परिणाम त्यात होता. महिला मंडळांनी पुढे बालविवाह, हुंडा आणि दारू यांसारख्या प्रश्नांवरही भूमिका घेतल्या.

राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय प्रभाव

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली विविध देशांतील लोकाधारित आरोग्य प्रयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याने लिहिलेले प्रकरण समाविष्ट होते. सर्वांसाठी आरोग्य हे उद्दिष्ट जाहीर करणारी अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषद १९७८ साली झाली. प्राथमिक आरोग्यसेवेच्या या विचाराला पूरक ठरलेल्या प्रयोगांत जामखेडची गणना होते.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. तीत सुमारे १,००० लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, ३ महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन अशी तरतूद होती.

१९८८ साली वॉशिंग्टन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेड प्रकल्पातील एका ग्रामआरोग्य सेविकेने भाषण केले. डॉक्टर हे सभागृहातील झगमगत्या झुंबरासारखे आहेत आणि गावची सेविका ही साध्या पणतीसारखी आहे. पण एका पणतीवरून दुसरी पणती पेटविता येते, या आशयाची तिची मांडणी श्रोत्यांना फार भावली. मेबल यांनी उभारलेल्या प्रशिक्षणपद्धतीचे सार या भाषणात प्रकट झाले, असे मानले जाते.

मर्यादा व चर्चा

जामखेडचा प्रयोग अन्यत्र जसाच्या तसा उभा करता येईल काय, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांत दीर्घकाळ चर्चिला गेला. समर्पित डॉक्टर दांपत्य, स्वतःचे रुग्णालय आणि अनेक वर्षांचा सलग संपर्क या गोष्टी सरकारी योजनेत सहजासहजी मिळत नाहीत. १९७७ च्या राष्ट्रीय योजनेत बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष निवडले गेले, निवडीत स्थानिक राजकारणाचा शिरकाव झाला आणि अल्पकालीन प्रशिक्षणानंतर पाठपुरावा क्षीण राहिला. परिणामी ती योजना कालांतराने निष्प्रभ ठरली.

सेविकांच्या मोबदल्याबद्दलही दोन मतप्रवाह आढळतात. एका मतानुसार मानधनापेक्षा गावातील प्रतिष्ठा व स्वतंत्र उपजीविका यांमुळे सेविका अधिक टिकून राहतात. दुसऱ्या मतानुसार गरीब स्त्रियांकडून विनामोबदला सेवेची अपेक्षा करणे न्याय्य नाही. आशा कार्यकर्तींच्या मानधनाच्या मागण्यांमुळे हा वाद पुढेही जिवंत राहिला आहे.

प्रशिक्षण संस्था, युनिसेफ आणि लेखन

देश-विदेशांतून जामखेडला शिकण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढल्याने १९९२ साली तेथे सामुदायिक आरोग्य व लोकसंख्या या विषयांसाठी प्रशिक्षण व संशोधन संस्था स्थापन करण्यात आली. डॉक्टर, परिचारिका, शासकीय अधिकारी आणि स्वयंसेवी कार्यकर्ते येथे येऊन शिकू लागले. या अभ्यासक्रमांत ग्रामआरोग्य सेविका स्वतः अध्यापन करीत. पदवीधर डॉक्टरांना निरक्षर सेविकेने शिकविण्याचा हा प्रघात जामखेडचे वैशिष्ट्य ठरला.

मेबल यांनी युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागीय कार्यालयातही सल्लागार म्हणून काम केले. या भूमिकेत त्यांनी दक्षिण आशियातील देशांमधील स्त्रिया व बालकांच्या हक्कांच्या प्रश्नांवर लक्ष केंद्रित केले. धर्मपरंपरा आणि स्त्री-बालकांचे हक्क यांच्या परस्परसंबंधावर त्यांनी लेखन केले.

रजनीकांत यांच्यासह त्यांनी लिहिलेला जामखेड प्रकल्पावरील इंग्रजी ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. प्रकल्पाचा इतिहास, सेविकांच्या जीवनकथा आणि फसलेल्या प्रयत्नांची मोकळी कबुली यांमुळे हा ग्रंथ सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांत विशेष वाचला जातो.

निधन

२७ सप्टेंबर १९९९ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी मेबल आरोळे यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर डॉ. रजनीकांत आरोळे यांनी प्रकल्पाचे नेतृत्व केले. मे २०११ मध्ये त्यांचेही निधन झाले. प्रकल्पाची जबाबदारी पुढे त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे आणि पुत्र रवी आरोळे यांनी स्वीकारली.

वारसा

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत आशा कार्यकर्ती ही संकल्पना देशभर राबविण्यात आली. गावातीलच स्त्री, गावाच्या संमतीने निवड आणि टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण ही तिची प्रमुख सूत्रे जामखेडने तीन दशकांपूर्वी आचरणात आणलेली होती. जामखेडप्रमाणेच गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचे नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे प्रतिमान आणि छत्तीसगडमधील मितानिन कार्यक्रम यांचाही या परंपरेत उल्लेख केला जातो.

या परंपरेचे महत्त्व जन्मजात व्यंगांच्या उपचारातही दिसून येते. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात वाकड्या पावलांचा, म्हणजेच क्लबफूटचा समावेश आहे. हे व्यंग लवकर ओळखले गेले तर पॉन्सेटी पद्धतीने मोठ्या शस्त्रक्रियेविना सुधारता येते. त्यात दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने वळवून प्लॅस्टर घालतात. बहुतेक बालकांत टाचेमागील स्नायुबंध छेदण्याची एक लहान प्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतर वयाच्या सुमारे चार-पाच वर्षांपर्यंत विशिष्ट बूट व पट्टी वापरावी लागते. प्लॅस्टरचे काम काही आठवड्यांत संपते. पट्टीचे काम मात्र वर्षानुवर्षे घरातच चालते. मूल रडते म्हणून पट्टी काढून टाकली की पाऊल पुन्हा वाकडे होण्याचा धोका असतो. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या खेड्यांत बाळंतिणीच्या घरी भेट देणारी आशा कार्यकर्ती बाळाचे पाऊल प्रथम पाहते, आईला रुग्णालयाची वाट दाखविते आणि पुढे पट्टी चालू ठेवण्यासाठी तिला धीर देते. शल्यचिकित्सकाचे कौशल्य या पाठपुराव्याविना अपुरे ठरते.

साधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणी उपचाराची साखळी गावातल्या माणसापासून सुरू व्हावी आणि त्याच्यापाशीच पूर्ण व्हावी, हे तत्त्व मेबल आरोळे यांनी जामखेडच्या सेविकांबरोबर सिद्ध केले होते. जामखेड येथील रुग्णालय, प्रशिक्षण संस्था आणि कृत्रिम अवयव कार्यशाळा यांच्या रूपाने त्यांचे कार्य पुढे चालू राहिले.